चौथं पिंप

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नुसत्या पाण्याने चूळ भरली. पेस्ट नाही, चहा नाही, केसांना तेल नाही. चाखायच्या खोलीत वासाची कुठलीच वस्तू न्यायची नाही, अंगावरूनसुद्धा नाही. नणंद शिवणयंत्रावरून मान वर करून माझी ही तयारी बघत होती. ह्यांची धाकटी बहीण, माझ्याकडेच राहते. म्हणाली, वहिनी, सकाळी उठून दारू चाखायला जायचं आणि वर पगार घ्यायचा, असली नोकरी दादाने मला का नाही लावून दिली?

हे गेल्यापासून मी कारखान्यात नमुन्यांच्या खोलीत काचेचे पेले धुते आहे. धुण्याआधी प्रत्येक पेल्याला नाक लावायची सवय लागली. ती मुख्य चाखणाऱ्यांनी कधीतरी पाहिली असावी. त्यांना सगळे नाकवाले म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. चाखणाऱ्यांतले एक म्हातारे गृहस्थ सर्दी हटेना म्हणून घरी बसले, तेव्हा नाकवाल्यांनी मला बोलावून विचारलं, त्यांच्या खुर्चीवर बसाल का? मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाले, येत नाही ते बरं, आधीचं पुसावं लागणार नाही.

आम्ही चौघं आहोत. नाकवाले, प्रयोगशाळेतली रसायनवाली, पिंपं बांधणारा सुतार आणि मी. आज नुसतं हुंगायला शिकवलं. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं, नाहीतर मद्यार्काचा चटका बसतो आणि नाक दिवसभर बधिर होतं. थोडं पाणी घालायचं. पेले निळ्या काचेचे, म्हणजे रंग बघून मत बनवता येत नाही. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. मला काही केल्या थुंकता येईना. चार माणसांत थुंकायचं कसं? सुतार म्हणाला, ताई, गिळत राहिलात तर जेवणाच्या सुट्टीत गाणं म्हणाल. मग थुंकले.

११ फेब्रुवारी, बुधवार

झोप नीट लागत नाही, म्हणून काय चाललंय ते सरळ लिहून काढते.

कारखाना यंदा चार बाटल्यांची एक पेटी काढणार आहे. चार तऱ्हांची व्हिस्की. एक मक्याची, एक राय नावाच्या धान्याची, एक धुरकट, आणि चौथी मोड आणलेला जव नि कच्चा जव एकत्र करून केलेली. प्रत्येक बाटली एकाच पिंपातली, कशात काही न मिसळता. आणि लेबलवर ते पिंप भरणाऱ्याचं नाव.

चौथ्या तऱ्हेचं एक पिंप ह्यांनी भरलेलं आहे. हे गोदाम सांभाळायचे. आमच्याकडे रीत अशी, की जो पिंप भरतो तो त्याच्या तोंडावर खडूने आपलं नाव लिहितो आणि त्याला विचारल्याशिवाय त्यातला थेंबही कुणी काढत नाही. माणूस गेला तर घरच्यांना विचारतात. हे गेल्यावर दर वर्षी मोजणीच्या वेळी नाकवाल्यांनी मला विचारलं, उघडायचं का? दर वर्षी मी म्हटलं, राहू द्या अजून, मुरू द्या. त्या नावावरून हातसुद्धा कुणी फिरवला नाही.

या वेळी मी हो म्हटलंय. लेबलसाठीच म्हटलं, खोटं कशाला लिहू? नणंदेला सांगितलं तर तिने यंत्र थांबवलं, डोळे पुसले आणि तासाभरात सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळी झाली. मी म्हणत होते, अगं, अजून निवड व्हायची आहे, त्याच तऱ्हेची आणखी पिंपं रांगेत आहेत, पेल्यावर नाव नसतं. ती म्हणाली, पण निवडणाऱ्यांत तू आहेस ना.

तेच तर टोचतंय. ह्यांचं पिंप मला ओळखू येईलच. मग काय करू?

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मका. आतून जाळलेल्या नव्या लाकडात ठेवतात. व्हॅनिला, खोबरं, करपायच्या बेतात आलेली साखर. आल्या आल्या गळ्यात पडणारी पाहुणी असते तशी. मला आवडली, पण दुसऱ्या पेल्यानंतर नकोशी झाली. हेच शब्द मी बोलून दाखवले. मला वाटलं हसतील. रसायनवालीने ते लिहून घेतले.

शेवटी नाकवाल्यांनी एक वेगळा पेला ठेवला. उकळत राहिलेल्या चहासारखा. जीभ कोरडी ठक्क, हिरड्या आवळल्या, मागे नुसतं लाकूड. ते म्हणाले, ही लाकडात जास्त राहिली. ही चव लक्षात ठेवा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज राय. मिरी, भाजलेल्या पावाची कड, आणि शेवटी एक चिमटा. तोंडावर बोलणारी. घरी येऊन नणंदेला म्हटलं, आज तुला चाखून आले. तिला राग आला, मग दोनदा विचारून घेतलं की चांगली होती का.

शेवटी पुन्हा एक जास्त राहिलेली. नाकवाल्यांचं काय चाललंय कळत नाही. चांगली पिंपं पेटीसाठी राखायची असतील, म्हणून नवशिकीला असलं उरलंसुरलं पाजतात. काटकसर करायचीच तर थोडी तरी चवीची करा.

शब्द कमी पडतात. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला लागले ती कारखान्यातल्या लेबलांवर, मग वाचनालयात जे हाताला लागेल ते. पण वासाला शब्द पुस्तकात नाहीत. सगळे वास शेवटी कशासारखे तरी असतात. मला तर निम्मे ह्यांच्यासारखे वाटतात. ते मी तिथे बोलत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चाखायची खोली थंड ठेवतात. मी ह्यांचा लोकरी कोट घालून बसते. आज रसायनवाली मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ताई, रागावू नका, तुमच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतो. गेला आठवडाभर आम्हाला प्रत्येक पेल्यात डांबरगोळी लागते आहे.

मला अजिबात येत नव्हता. घरी येऊन कोटात तोंड घालून हुंगलं. काही नाही. नणंदेला विचारलं. म्हणाली, येतो ना, कपाट उघडलं की सगळ्या घरात येतो. मला वाटलं तुला आवडतो.

कोट बाहेर दोरीवर टाकला. मग आत आणला.

२ मार्च, सोमवार

आज धुरकट. जव वाळवताना दलदलीतली वाळकी माती जाळतात, त्याचा धूर धान्यात शिरतो. नाकवाले म्हणाले, समुद्र आठवतो का बघा. मला समुद्र आठवला नाही. मला जंतुनाशकाने पुसलेली फरशी आठवली, पट्ट्या, आणि दवाखान्यात ह्यांच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवलेलं स्टीलचं भांडं. मी पेला खाली ठेवून बाहेर गेले.

परत आले तेव्हा माझ्या जागेवर पाणी ठेवलेलं होतं. मी म्हटलं, ही चांगली आहे, मला सोसत नाही इतकंच. नाकवाले म्हणाले, ही दोन वाक्यं वेगळी करता येणं हेच शिकायचं असतं.

त्यावरही शेवटी एक जास्त राहिलेली होतीच. हुंगल्याबरोबर म्हटलं, हे लाकूड आहे. ते म्हणाले, आता चुकत नाही तुमचं. त्यात आनंद काही दिसला नाही त्यांना.

६ मार्च, शुक्रवार

मधल्या सुट्टीत गोदामात गेले. आत अंधार, ओल, आणि तो गोडसर वास. सुतार पिंपं ठोकून बघत होता. लाकडी हातोडीने वरून खाली ठोकत येतो आणि आवाज बदलला की माल कुठवर आहे ते सांगतो. दर वर्षी लाकडातून थोडा उडून जातोच. ह्यांच्या पिंपापाशी तो बराच वेळ ठोकत बसला. खूप खाली आलाय आवाज, ताई, म्हणाला. मी म्हटलं, म्हणजे घट्ट झालं असेल, काढ्यासारखं, चांगलंच की. तो हो म्हणाला आणि पुढच्या पिंपाकडे गेला.

खडूचं नाव अजून वाचता येतं. मी थोडा वेळ तिथे नुसती उभी राहिले. घरी त्यांचा फोटो आहे, पण फोटोशी मला काही बोलावंसं वाटत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज नमुने काढले. चाखणाऱ्यांनी ते बघायचं नसतं, म्हणून आम्ही चौघं आवाराबाहेर. नाकवाले मला विचारत होते, तुमची खात्री आहे ना? नको असेल तर तुम्ही सोमवारी बसू नका, आम्ही तिघं पुरे आहोत. मी म्हटलं, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. ते म्हणाले, तसं नाही हो.

विश्वास नसेल तर शिकवलं कशाला?

१६ मार्च, सोमवार

चौथ्या तऱ्हेच्या चार पिंपांचे चार पेले, सगळे निळे, वर काचेची झाकणं. शेरा आपल्यापुरता लिहायचा आणि नावं उघडण्याआधी मोठ्याने वाचायचा. पहिलं वाचन सगळ्यात नव्या माणसाचं, म्हणजे तो दुसऱ्यांच्या मागून जात नाही.

दुसऱ्या पेल्याचं झाकण काढलं आणि मला कळलं. कापलेलं सफरचंद, गरम धान्य, जिभेवर थोडा तेलकट, आणि बोलायला वेळ घेणारा. घोट संपल्यावर जे सांगायचं ते सांगतो. हेच हे. माझा जीव भांड्यात पडला. इतकं छान असेल असं वाटलं नव्हतं. लबाडी करायची गरजच राहिली नाही. बाकीचे तीन मी अगदी नीट, हात सैल सोडून चाखले.

मग वाचलं. पहिला बरा, पण पोरकट. दुसऱ्याचं जे लिहिलं ते वाचलं. तिसरा पाणचट. चौथ्याचं असं वाचलं: कडू, कोरडा, सगळं लाकूड. खाली कधीतरी काहीतरी चांगलं असावं, आता हाताला लागत नाही. हे पिंप वेळेत काढायला हवं होतं. कुणीतरी विसरून गेलंय.

नेहमी पुढचा लगेच वाचतो. रसायनवाली पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

बाकीच्यांनी आपापलं वाचलं, भरभर. चौथ्याबद्दल सगळ्यांचं तेच, शब्द मऊ. मग नावं उघडली. दुसरं पिंप नेहमीच्या भरण्यातलं, कुणा एकाचं नाव नसलेलं. चौथं ह्यांचं.

नाकवाले म्हणाले, "तुमचा शेरा कागदावर घ्यायलाच हवा असं नाही. नवीन माणसाचा पहिला शेरा सोडून देता येतो."

मी म्हटलं, "वाचलंय तसंच लिहा."

"शेवटचं वाक्य तरी?"

"तेही."

मग पेले गोळा करून धुवायला घेतले. ते आता माझं काम नाही, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

१७ मार्च

गेले नाही. नणंदेला सांगितलं पोट बिघडलंय. ती म्हणाली, थुंकायचं सोडून गिळलंस वाटतं.

१९ मार्च

आज मला सगळा डाव कळला. पहिल्या दिवसापासून मला ती जास्त राहिलेली चव पाजत होते, प्रत्येक वेळी शेवटी, घरी जाताना तोंडात तीच राहावी म्हणून. माझं नाक त्यांनी ह्यांच्या पिंपाविरुद्ध तयार केलं. नाहीतर मला ते आवडलं असतं. मला कळलंच नसतं.

हे वरचं वाक्य दोनदा वाचलं. खोडत नाही.

२१ मार्च, शनिवार

सुतार घरी आला. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तर म्हणे अंगाला भुसा आहे. नणंद चहा द्यायला आली आणि तिने तोंडावर विचारलं, आमच्या दादाचं नाव कधी छापताय? तेव्हा तिला कळलं. सांगितलं त्यानेच, मी नाही. तिने कप तिथेच ठेवला आणि आत गेली.

सुतार म्हणाला, दर वर्षी ठोकताना मला ऐकू येत होतं, आणि नाकवाल्यांना मी सांगतही होतो. पण रीत म्हणजे रीत. तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? तो म्हणाला, दर वर्षी विचारत होतो की.

जाताना निरोप सांगितला. दोन वाटा आहेत. एक, नाकवाले पेटीचं सोडून घरापुरत्या थोड्या बाटल्या ह्यांच्या नावाने भरून द्यायला तयार आहेत, वरून परवानगी ते आणतील. दुसरी, नेहमीच्या विक्रीसाठीचा कोवळा माल यंदा फार हलका निघालाय, त्याला कणा नाही. ह्यांच्या पिंपातलं लाकूड त्यात जरा जरा घातलं तर तो उभा राहील, पण मग त्याला नाव नाही. ठरवायचं मी. आणि मिसळून बघायचं असेल तर तेही मीच, ते हात लावणार नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

गेले. कोट घातला नाही, थंडी वाजली.

कोवळा माल पेल्यात घेतला. नुसतं फळ नि पाणी, तोंडात राहतच नाही. त्यात ह्यांच्यातलं थोडं घातलं. काही नाही. आणखी थोडं. काही नाही. आणखी, आणि नुसतं लाकूड. पेला ओतून दिला. असं कितीदा केलं मोजलं नाही, नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायचा, मग परत. दुपारी एकदा मापात चमचाभर घातलं, झाकण ठेवलं, आणि चिडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. येऊन हुंगलं तर पेल्यात कुणीतरी होतं. लाकूड दिसत नव्हतं. फळ तेच, पण आता त्याला बसायला जागा होती.

नाकवाल्यांना दिलं. त्यांनी हुंगलं, चाखलं, आणि थुंकले नाहीत. मी त्यांना कधी गिळताना पाहिलं नव्हतं. एवढंच विचारलं, बाटल्यांचं काय करू, घरच्या? मी म्हटलं, घरी विचारते.

२५ मार्च, बुधवार

नणंदेशी भांडण. तिचं म्हणणं सरळ आहे. नाव छापून मिळत असताना नको म्हणणारी मी कोण? कडू तर कडू, कोण उघडणार आहे, शोकेसमध्ये ठेवायची बाटली. मी म्हटलं, कुणीतरी कधीतरी उघडेल. पाहुणा येईल, कौतुकाने उघडेल, आणि तोंड वाकडं करून ह्यांचं नाव वाचेल. गोदामातून वाईट पिंप बाहेर गेलं तर हे दोन दिवस जेवायचे नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

ती म्हणाली, "आणि मिसळून टाकलं की दादा कुठे?"

मग तिने जे मनात होतं ते म्हटलं. तुला त्याच्यापासून सुटायचंय वहिनी, खुर्ची मिळाली ना. मीही काहीतरी बोलले, ते लिहीत नाही. ती यंत्रावर बसली आणि सुई मोडेपर्यंत शिवत राहिली. मी वाचायला घेतलं, पान एकच, चार वेळा.

२८ मार्च

बोलणं बंद. जेवण वाढतो एकमेकींना, मुकाट्याने. नाकवाल्यांना सांगितलं, सगळं मिसळा. सांगून टाकलं आणि दिवसभर वाटत राहिलं, आत्ता परत जाऊन नको म्हणावं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्यांदा त्यांनी पाहिलं आणि विचारलं, थांबवू? मी म्हटलं, नाही, घड्याळ बघायला आले होते. त्यांच्या खोलीत घड्याळ नाही.

३० मार्च, सोमवार

आज पिंप रिकामं केलं.

सकाळी निघाले तर नणंद चपला घालून दारात. तोंडावर ओढणी धरलेली, तिला तो वास सहन होत नाही, आजवर आवारात पाऊल टाकलं नव्हतं. गोदामात सुताराने तिच्यासाठी स्टूल आणलं, ती बसली नाही. पिंपासमोर जाऊन खडूचं नाव वाचलं. म्हणाली, र असाच काढायचा, शेपूट लांब.

सुताराने पिंप आडवं वळवलं आणि बूच काढलं. आधी थोडं थांबून, मग एकदम आलं. रंग जवळजवळ काळा. मला वाटलं होतं रडू येईल. मी धार बघत होते, जाळी नीट लागली आहे का, कोळशाचे कण पलीकडे जात नाहीत ना.

नणंद म्हणाली, मला दे.

मी म्हटलं, अगं तू पीत नाहीस. ती म्हणाली, चाखायचीय. मी पेल्यात थोडं धरलं, पाणी घातलं, तोंड किंचित उघडं ठेव म्हणून सांगितलं. तिने घोट घेतला. थुंकायला भांडं पुढे केलं तर मान हलवून गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते घशामुळेही असेल.

"कडू आहे गं वहिनी."

"हो."

"दादा असा नव्हता."

"नव्हताच. आपण ठेवून ठेवून केलं."

तिने पेला माझ्याकडे दिला. ओढणी परत तोंडावर घेतली नाही. धार बारीक झाली, मग थेंब. सुतार म्हणाला, अजून थोडं असेल, वाकवतो. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पिंपाला हात लावला आणि त्याला वाकवायला मदत केली.